फाउंडेशनचा पैसा जातो कुठे?

'फाउंडेशन्स फक्त इमारती बांधतात आणि पाट्या लावतात' हे तुमचं म्हणणं बऱ्याच ठिकाणी खरं आहे. पण गडचिरोलीचं उदाहरण वेगळं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही आरोग्यावर काम करणारी संस्था तिथे सुरू केली. गावातल्याच बायकांना शिकवून घरी नवजात बाळ सांभाळायचं, हा त्यांचा प्रयोग. ३९ गावांत हा प्रयोग झाला; तुलनेसाठी प्रयोग न केलेली ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

या प्रयोगाला फोर्ड आणि मॅकआर्थर फाउंडेशनने पैसा दिला होता. यश मिळेलच याची खात्री नसलेल्या गोष्टीवर काही वर्षं खर्च करायला सरकारी फाइल सहसा तयार होत नाही. देणगीचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

निरक्षर दाईसाठी तिथे केलेलं साधन तर भारीच. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर श्वास फार जलद, म्हणजे न्यूमोनिया समजायचा. पन्नास-साठपर्यंत मोजता यायलाच हवं, असं काही नाही!

पुढे २०११ पासून सरकारने आशाताईंमार्फत नवजात बाळांसाठी घरभेटी देशभर सुरू केल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा, घरी झालं असेल तर सात. आता त्या भेटींचा मोबदला आशाताईंना वेळेवर मिळतो का, हा प्रश्न मात्र फाउंडेशनला नाही, सरकारला विचारायला हवा.