घरी पडून असलेल्या ज्येष्ठांची काळजी: लेस्टरची कौन्सिल आणि आपली महानगरपालिका

इंदिरानगरकर:
माझी आत्या इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहते. गेल्या वर्षी तिचे खुब्याचे हाड मोडले आणि तेव्हापासून तेथील कौन्सिलने (म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेने) ठरवून दिलेली सेविका दिवसातून तीनदा घरी येऊन तिला उठवणे, आंघोळ घालणे, औषधे देणे ही कामे करते. इकडे माझ्या ७४ वर्षांच्या वडिलांना पक्षाघात होऊन आठ महिने झाले. घरी सेविका पुरवणाऱ्या ब्युरोकडून दिवसपाळीला बाई ठेवली आहे, पण तिच्या पगारात वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा निम्म्याहून अधिक भाग जातो आणि रात्री सर्व भार आईवर पडतो. तेथील कौन्सिलला हा पैसा कोठून मिळतो, आणि नाशिक महानगरपालिकेकडे असे काही मागता येते का, हे जाणकारांनी सांगावे. घरपट्टी आम्हीही नियमित भरतो.

परतलेली_नाशिककर:
मी इंग्लंडमधील एका कौन्सिलच्या प्रौढ सामाजिक सेवा विभागात नऊ वर्षे काम केले आहे. आपल्याकडे होणारा पहिला गैरसमज असा की तेथे हे सर्व फुकट असते. फुकट असते ते वैद्यकीय उपचार. आंघोळ, जेवण, कपडे बदलणे ही काळजी उत्पन्न आणि शिल्लक पाहून दिली जाते. २०१४ च्या केअर ॲक्टनुसार गरजू दिसणाऱ्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीच्या गरजांची पाहणी करणे कौन्सिलवर बंधनकारक आहे, मग ती व्यक्ती श्रीमंत असो वा गरीब. घरातील जी व्यक्ती काळजी घेते तिचीही वेगळी पाहणी होते, आणि तुमच्या आईचा विचार करता मला हाच त्या कायद्याचा सर्वांत शहाणा भाग वाटतो. आर्थिक चौकशी त्यानंतर येते. २३,२५० पौंडांहून अधिक शिल्लक असल्यास खर्च स्वतःच करावा लागतो. १४,२५० पौंडांखालची शिल्लक हिशेबात धरत नाहीत, मात्र पेन्शनमधून, हातखर्चाची ठरावीक रक्कम सोडून, वाटा घेतला जातो. या मर्यादा २०१० पासून वाढलेल्या नाहीत, त्यामुळे दरवर्षी अधिकाधिक मध्यमवर्गीय माणसे मदतीबाहेर पडतात. राहते घर, काळजी घरीच मिळत असेल तर, मोजत नाहीत. वृद्धाश्रमात कायमचे जावे लागले तर बहुधा मोजतात, आणि कुटुंबांमधील खरी भांडणे तेथे सुरू होतात.

पैसा येतो कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर), व्यवसायांवरील कर, केंद्राची अनुदाने आणि लाभार्थींकडून घेतलेले शुल्क यांतून. २०१६ पासून केवळ या काळजीसाठी कौन्सिल टॅक्समध्ये जादा वाढ करण्याची मुभा मिळाली आणि करदात्याच्या बिलावर ती वेगळी दाखवली जाते. तुमच्या आत्याकडे येणारी सेविका मात्र बहुधा कौन्सिलची नोकर नसून खासगी एजन्सीची असेल. कौन्सिल तास विकत घेते, आणि दर कमी दिला की सेविका पंधरा मिनिटांत काम उरकून पुढच्या घरी पळते.

लेखाशाखेतून_निवृत्त:
वरील माहिती उत्तम आहे, पण घरपट्टीवरून केलेली तुलना आपल्याकडे लागू पडत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्ये आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कर्तव्ये सांगितली आहेत. घरी जाऊन ज्येष्ठांची शुश्रूषा करणे हे बंधनकारक काम नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत दिव्यांगांसह दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा उल्लेख आहे. ज्येष्ठांचा स्वतंत्र उल्लेख नाही. उत्पन्नाचे म्हणाल तर जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईपोटी राज्याकडून येणाऱ्या रकमेवरच आपल्या महापालिकेचा मोठा डोलारा उभा आहे. बिटको किंवा डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय चालवणे, विरंगुळा केंद्राला जागा देणे इथपर्यंत मजल जाते; त्यापुढे अंदाजपत्रकात लेखाशीर्षच (त्या खर्चासाठीची स्वतंत्र नोंद) नसेल तर अधिकारी कितीही सहृदय असला तरी एक रुपया खर्च करू शकत नाही.

लेखाशीर्ष आहे ते दिव्यांगांसाठी. स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवणे स्थानिक संस्थांना आवश्यक आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘ज्येष्ठ’ या शब्दात शोधू नका, ‘दिव्यांग’ या शब्दात शोधा.

पंचवटी_वकील:
सहमत आहे. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये तहसील कार्यालयामार्फत मिळतात, परंतु त्यासाठी वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये! निवृत्तिवेतनधारकाने तो विचार सोडून द्यावा. सत्तरीवरील सर्वांना मिळणारे आयुष्मान वयवंदना कार्ड अवश्य काढा, मात्र त्यातील ५ लाखांचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडते. घरच्या बाईचा पगार त्यातून निघणार नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो, पण तो मुलांकडून, सरकारकडून नव्हे. म्हणजे आपल्या कायद्याने ही जबाबदारी प्रथम तुमच्याच अंगावर टाकली आहे.

इंदिरानगरकर:
सर्वांचे आभार. वडिलांचा उजवा हात आणि पाय निकामी आहे, पण त्यांना ‘दिव्यांग’ म्हणायचे आमच्या मनातच आले नव्हते. प्रमाणपत्रासाठी नेमके काय करावे?

लेखाशाखेतून_निवृत्त:
यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर अर्ज भरा आणि जिल्हा रुग्णालयात तपासणीची तारीख घ्या. सुरुवातीचे एमआरआय आणि डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तरच पुढचे दार उघडते. त्यानंतर महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, हेलपाटे घालण्यापूर्वी तुमच्या विभागीय कार्यालयात दिव्यांग योजनांच्या चालू वर्षाच्या अटी लेखी मागा, कारण उत्पन्नाची अट योजनेगणिक वेगळी असते. वडिलांना तपासणीसाठी नेताना चाकाची खुर्ची स्वतःचीच न्या; तेथे मिळेपर्यंत तासभर जातो.