गोल्डनआय ००७: फॅसिलिटी २:०५ च्या आत कशी संपवायची?

गोल्डनआय ००७ या जेम्स बाँडच्या व्हिडिओ गेममध्ये अजिंक्य, म्हणजे कुणाच्या गोळीने न मरण्याचं चीट हवंय, त्यासाठी ००एजंट या अवघड लेव्हलवर फॅसिलिटी हे मिशन २:०५ मिनिटांत संपवावं लागतं. चार दिवस झाले, २:२० च्या खाली येतच नाहीये. काय चुकतंय?

उत्तर: चुकत काही नाही रे, डॉ. डोक हा आपल्या बाजूचा शास्त्रज्ञ दरवेळी वेगळ्या जागी उभा असतो, त्याच्याकडून दार उघडायचा डीकोडर घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तो लांब असला की सरळ रीस्टार्ट मार. आणि शास्त्रज्ञांना गोळी लागू देऊ नकोस.

उत्तर: पळताना सरळ नको, तिरकं पळ, म्हणजे पुढे आणि बाजूला एकदम दाबायचं, वेग खरंच वाढतो. अख्खा खेळ यावर बदलतो.

उत्तर: १९९७ चा गेम आणि अजून लोक सेकंद मोजतायत, भारी वाटतं! अवघड लेव्हल घेतली की नुसते शत्रू नाही, कामंही वाढतात, ही गेम बनवणाऱ्या रेअर कंपनीची कल्पना मला आजही सगळ्यात आवडते. चौघांनी एकाच स्क्रीनवर एकमेकांविरुद्ध खेळायचा स्प्लिट-स्क्रीन तर शेवटी शेवटी घातलेला. त्यातला ऑडजॉब नावाचा खेळाडू बुटका असल्यामुळे नेम खाली घ्यावा लागतो, म्हणून आम्ही तो घेऊच देत नव्हतो.

प्रश्नकर्ता: तिरकं पळून २:०९! डोक जवळ सापडला की झालंच.