दरडोई उत्पन्न हा एकमेव निकष नाही
'दरडोई उत्पन्न कमी असले की आयातशुल्कात सवलत मिळतेच', हे अमेरिका विकसनशील देशांच्या मालाला जी सवलत देत असे तिच्याबद्दलचे वरील प्रतिसादातील विधान मला अपुरे वाटते. अमेरिकेच्या १९७४ च्या व्यापार कायद्यात उत्पन्नाची मर्यादा आहेच. परंतु बाजारपेठ खुली ठेवण्याची हमी, कामगारांचे हक्क आणि बौद्धिक संपदेचे संरक्षण हेही त्यात निकष आहेत. ५ जून २०१९ पासून भारताची सवलत बंद झाली, ती आपण श्रीमंत झालो म्हणून नव्हे, तर अमेरिकेतल्या दुग्धजन्य पदार्थ आणि वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादकांच्या तक्रारींनंतर, भारताने बाजारपेठेत वाजवी प्रवेशाची हमी दिली नाही, असे कारण देऊन. नवी मुंबईतल्या तुर्भे-महाप्याहून न्हावा शेवा बंदरामार्गे माल पाठवणाऱ्या लघुउद्योजकाचा त्या दोन्ही तक्रारींशी काडीचाही संबंध नसताना शुल्काचा भार त्याच्या मालावर पडावा, हे मला अन्यायाचे वाटते.