नासदीय सूक्त आणि महास्फोट

महास्फोट, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीचा ‘बिग बँग’ सिद्धांत, नासदीय सूक्तात आधीच सांगितलाय, असं काहीजण लिहितात. मला ते पटत नाही, आणि सूक्तावरच्या प्रेमापोटीच पटत नाही. ऋग्वेदाच्या १० व्या मंडलातलं हे १२९ वं सूक्त शेवटी विचारतं, की सृष्टी कुठून झाली हे परम व्योमातला तिचा अध्यक्ष तरी जाणतो, की तोही जाणत नाही? इतक्या धिटाईच्या प्रश्नाचं आपण तयार उत्तर का करून टाकतो? विश्वाचं सुमारे १३८० कोटी वर्षं हे वय मोजमापांतून आलंय, उद्या ते सुधारेलही. तेव्हा सूक्त खोटं ठरवणार का?

महास्फोटाची मूळ कल्पना मांडणारे बेल्जियन शास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोपनी त्या सिद्धांतात निर्मात्याची साक्ष पाहिली, तेव्हा लमेत्रांनाच ते रुचलं नाही.

आमच्या साताऱ्यात सज्जनगड चढणाऱ्याला सांगा, की हा काळा पाषाण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. समर्थांच्या समाधीपुढे त्याचे हात तसेच जुळतील. शाळेत मात्र भूगोलाच्या तासाला लाव्हाच शिकवावा, हा माझा आग्रह आहे.