दाढांच्या शस्त्रक्रियेनंतर सशीण गेली. दुसऱ्या सशाला भूल द्यावी का? सल्ला हवा

चाफेकळी (पुणे)

नमस्कार. आमची सशीण खारीक गेल्या मंगळवारी दाढांच्या शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येता येता गेली. ती चार वर्षांची होती. तिच्या खालच्या दाढांना आतल्या बाजूने टोके आली होती आणि ती जिभेला टोचत असल्याने तिने आधी गवत सोडले, मग दाणे सोडले, आणि शेवटचे चार दिवस ती फक्त कोथिंबिरीची पाने चघळत होती. हनुवटी लाळेने सतत ओली असे. दवाखान्यात नेले तोवर तिचे वजन १ किलो ९०० ग्रॅमवरून १ किलो ६०० ग्रॅमवर आले होते.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशीची वेळ दिली आणि रात्री दहानंतर काहीही खायला देऊ नका, असे सांगितले. आम्ही ते काटेकोरपणे पाळले; तिच्या पुढ्यातले गवतसुद्धा मी स्वतःच्या हाताने उचलले. दुपारी एकच्या सुमारास काम व्यवस्थित झाल्याचा फोन आला आणि तीन वाजता श्वास थांबल्याचा. डॉक्टर स्वतः हादरलेले दिसले, त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार करण्यासाठी हा धागा काढलेला नाही. मात्र नंतरच्या वाचनात सशाला भुलेआधी उपाशी ठेवायचे नसते असे कळले आणि तेव्हापासून ते उचललेले गवत डोळ्यांसमोरून हलत नाही.

आता प्रश्न बदामचा आहे. तो खारकेचा जोडीदार, पाच वर्षांचा, नसबंदी झालेला. गेल्या महिन्यापासून तो एकाच बाजूने चावतो आणि त्याचा डावा डोळा पाणावलेला असतो. त्यालाही हेच करावे लागेल अशी चिन्हे आहेत. त्याला पुन्हा त्याच टेबलावर ठेवण्याचे धैर्य माझ्यात नाही, आणि काहीच न करता त्याला कुढत ठेवणेही पटत नाही. भूल द्यावी का, देणार असल्यास डॉक्टरांना आधी काय विचारावे, आणि खारीक नेमकी कशाने गेली असावी, याविषयी अनुभवी मंडळींनी सांगावे. शिवाय बदाम दोन दिवसांपासून तिच्या कोपऱ्यात बसून आहे, त्याचेही काही करता येईल का?

दूर्वांकुर (ठाणे)

चाफेकळीताई, वाचून फार वाईट वाटले. आमच्याकडे गेली नऊ वर्षे ससे आहेत आणि त्यांपैकी एकाच्या दाढा आतापर्यंत सहा वेळा घासून घ्याव्या लागल्या, म्हणून लिहिते.

तुम्ही वाचले ते खरे आहे. कुत्र्यामांजरांना उपाशी ठेवतात ते भुलेत ओकारी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून. सशाला ओकता येतच नाही. उलट त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते; ते थंडावले की वायू धरतो, दुखते, दुखते म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडे आणखी थंडावते. आमचे डॉक्टर गवत अगदी शेवटपर्यंत पुढ्यात ठेवायला सांगतात आणि भूल देण्यापूर्वी फक्त तोंडातला घास पुसून घेतात. पण तुम्हाला दवाखान्यातून जे सांगितले गेले ते तुम्ही केले. डॉक्टरांची सूचना पाळणे हा अपराध कसा होईल?

बदामसाठी एक करा: आजपासून रोज त्याच वेळी त्याचे वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला काटा पुरतो. ससा दुखणे लपवतो, वजन लपवू शकत नाही. लेंड्याही पाहा, त्या लहान, कमी किंवा एकमेकींना केसांनी जोडलेल्या दिसल्या तर थांबू नका. अर्धा दिवस ससा काहीच खात नसेल तर ती तातडीची बाब आहे, ‘उद्या बघू’ म्हणण्याची नाही.

एअरकाठचा (लीड्स)

भुलेचा धोका किती, यावर भावनेपेक्षा आकडे उपयोगी पडतील म्हणून देतो. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून झालेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ हजारांहून अधिक सशांचा समावेश होता. भूल किंवा गुंगी दिल्यापासून दोन दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, तर सशांत १.३९ टक्के निघाले. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यापुढची फोड महत्त्वाची आहे. निरोगी सशांत हे प्रमाण ०.७३ टक्के होते आणि आजारी सशांत ७.३७ टक्के, म्हणजे साधारण दहापट. निम्म्याहून अधिक ससे शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर त्यानंतरच्या तासांत गेले.

त्यामुळे खारीक आणि बदाम यांचा धोका एकसारखा धरू नका. चार दिवस अर्धपोटी राहिलेली, वजन घटलेली सशीण आणि अजून जेवणारा, चालताफिरता ससा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बदामला न्यायचेच असेल तर तो खातो आहे तोवर नेण्यात शहाणपण आहे. इथे ब्रिटनमध्ये सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था सशांची चांगली माहिती असलेल्या पशुवैद्यांची यादी ठेवते. तिकडे तशी यादी हाताशी नसेल तर दवाखान्याला ‘महिन्याला किती सशांना भूल देता?’ हा प्रश्न सरळ विचारावा. विचारायला संकोच वाटतो, हे मान्य, पण चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

जुनी_पेटी (कोल्हापूर)

माझे मत वेगळे आहे. आमच्या गल्लीतला एक जण ससे पाळतो आणि पटाशीचे दात वाढले की नखे कापायच्या कात्रीने स्वतःच कापतो, भूलबिल काही नाही. जिवावरची जोखीम घेण्यापेक्षा जागेपणीच दात कापून घेतलेले बरे नाहीत का?

डॉक्टर_घाटमाथा (सातारा)

मी पशुवैद्य आहे. रोज गाईम्हशी पाहतो, पण शिकत असताना आणि नंतरही सशांचे बरेच काम केले आहे, म्हणून जुनी_पेटी यांच्या सूचनेला आधी उत्तर देतो: कृपया असे करू नका. कात्रीने दात सरळ कापला जात नाही, तो उभा चिरतो, आणि चीर मुळापर्यंत गेली की पू धरतो. शिवाय चाफेकळी यांचा प्रश्न पटाशीच्या दातांचा नसून दाढांचा आहे. सशाला एकूण २८ दात असतात. त्यांपैकी सहा पुढे आणि उरलेल्या २२ दाढा गालांच्या आत इतक्या खोल असतात की जाग्या सशाचे तोंड त्यासाठी पुरेसे उघडतच नाही. बळजबरीने उघडले तर भीतीने तो उसळतो आणि त्यात जबडा किंवा पाठीचा कणा मोडू शकतो. फिरत्या यंत्राने दाढ घासायची तर प्राणी निश्चल हवा.

आता खारकेविषयी. शवविच्छेदन झालेले नसल्याने मृत्यूचे कारण ठामपणे सांगता येणार नाही आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. जे संभवते ते सांगतो. सशाची छाती पोटाच्या मानाने फार लहान असते, तो जवळजवळ नाकानेच श्वास घेतो, आणि जीभ मोठी, घसा अरुंद असल्याने श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते. दातांच्या कामात तर डॉक्टरची हत्यारे आणि प्राणवायूची वाट या दोघांनाही तेच एक इवलेसे तोंड हवे असते. नळी काढल्यावर घसा सुजणे, अंग गार पडणे, वेदनेने श्वास उथळ होणे, यांपैकी काहीही शुद्धीवर येतानाच्या काळात घडू शकते. त्यात जो ससा दिवसेंदिवस खात नाही त्याच्या यकृतात चरबी साठू लागते आणि मग भुलेचा भार पेलण्याची ताकदच उरत नाही. रात्रीच्या उपासाने त्यात भर पडली असेल, परंतु त्या उचललेल्या गवतानेच ती गेली असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही, कारण जिभेत टोके रुतलेली असताना ते गवत पुढ्यात असते तरी तिने ते खाल्ले असते का, हाच प्रश्न आहे.

माझ्या मते खरी चूक घाईत झाली. न खाणारा ससा आला की आधी वेदनाशामक, त्वचेखाली सलाईन, पिचकारीने पातळ केलेले गवताचे खाद्य आणि ऊब देऊन एकदोन दिवस त्याला सावरावे आणि मग भूल द्यावी. टोके दोन दिवस थांबतात. बदामचा पाणावलेला डोळा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण वरच्या दातांची मुळे मागे वाढली की अश्रुनलिका दाबली जाते. म्हणून नुसते तोंडात डोकावून न थांबता कवटीची क्ष-किरण तपासणी करून घ्या. मुळेच वाढली असतील तर दर काही आठवड्यांनी घासणे आले, आणि तो निर्णय डोळे उघडे ठेवून घ्यायला हवा.

डॉक्टरांना विचारायचे ते असे: श्वासाची वाट कशी राखणार, सशांसाठीची घशात बसणारी खास नळी आहे का, शिरेत सुई आधी लावून ठेवणार का, शरीराचे तापमान कोण मोजत राहणार (सशाचे नेहमीचे तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते), आणि मुख्य म्हणजे शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ कोण बसणार. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आमचा मुलगा अधूनमधून पाहतो’ असे आले तर दुसरा दवाखाना शोधा. घरी सोडताना वेदनाशामक मिळालेच पाहिजे. अमॉक्सिसिलीन हे प्रतिजैविक तोंडावाटे लिहून दिले तर ते देऊ नका. सशाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू त्याने मरतात आणि ससा दगावू शकतो. असे औषध लिहिणाऱ्याला सशांची सवय नाही, हेही त्यातून कळते.

दूर्वांकुर (ठाणे)

डॉक्टरसाहेब, सविस्तर लिहिलेत, आभार. आहाराचे एक राहिले, ते जोडते. दाढा आयुष्यभर वाढत राहतात आणि त्या झिजवते ते लांब, चिवट गवत. गाजर आणि दाणे देऊन आपण सशाचे लाड करतो आणि त्याच्या दाढांना काम उरत नाही. आमच्याकडे वाळलेले गवत आणि बाजारातल्या दूर्वांच्या जुड्या, धुऊन, हाच मुख्य आहार आहे; लसूणघासात कॅल्शियम जास्त असल्याने तो मोठ्या सशाला चवीपुरताच.

बदामच्या कोपऱ्यात बसण्याविषयी: आमची एक सशीण गेली तेव्हा तिच्या जोडीदाराला आम्ही तिचे शव तासभर हुंगू दिले होते. तो तिच्या कानांना चाटत राहिला, मग स्वतःहून उठला आणि संध्याकाळी जेवला. तुम्हाला ती संधी मिळाली नाही, तर निदान तिचे अंथरूण लगेच धुऊ नका. त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहा, उचलू नका. नवा ससा मात्र घाईने आणू नका. अनोळखी ससे एकमेकांना रक्तबंबाळ करतात.

एअरकाठचा (लीड्स)

शवविच्छेदनाचा विषय निघालाच आहे म्हणून, इतर वाचकांसाठी: असा प्रसंग आला तर शव फ्रीजमध्ये ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नाही, कारण गोठल्याने ऊती बिघडतात. तिकडे त्याची सोय कुठे होते?

डॉक्टर_घाटमाथा (सातारा)

पशुवैद्यकीय महाविद्यालयांतील विकृतिशास्त्र विभागात विचारावे. मुंबईकरांना परळचे महाविद्यालय आहे, पुण्याच्या लोकांना शिरवळचे जवळ पडते. आधी फोन करावा आणि शक्यतो त्याच दिवशी न्यावे.

चाफेकळी (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही खारकेला त्याच संध्याकाळी भर पावसात बाबांच्या शेतावर शेवग्याखाली पुरले, त्यामुळे शवविच्छेदनाचा विचारही सुचला नव्हता.

काल तीन दवाखान्यांना फोन केले. पहिल्याने रात्रीपासून उपाशी ठेवा असे सांगितले, तेव्हा मी आभार मानून फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी सशांचे काम करतात, पण शुद्धीवर येताना जवळ कोण असते, याचे नीट उत्तर मिळाले नाही. तिसऱ्या बाईंनी माझे प्रश्न पूर्ण होण्याआधीच ‘त्याचे रोजचे वजन लिहिता का?’ असे विचारले. त्यांच्याकडे शनिवारी सकाळी क्ष-किरण तपासणी ठरली आहे; गवत सोबत आणा, असे त्यांनी बजावले आहे. भुलेचा निर्णय ती पाहून घेऊ.

बदामचे आजचे वजन २ किलो १४० ग्रॅम, कालच्याइतकेच. खारकेच्या अंथरुणाचे पोते मी धुवायला काढले होते ते परत कोपऱ्यात ठेवले आहे. तो त्यावर बसून दूर्वा खातो, अजूनही एकाच बाजूने.