मदत हवी आहे: गावच्या घराला कौलं घालू की स्लॅब?

नमस्कार मंडळी, कोकणात लांज्याजवळ गावी नवीन घर बांधतोय, भिंती लिंटेलपर्यंत (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईपर्यंत) आल्यात आणि छपरावरून घरात रोज वाद. बाबांना मंगलोरी कौलंच हवीत, मी म्हणतोय स्लॅब, कारण माकडं कौलं ठेवत नाहीत, गेल्या पावसाळ्यात जुन्या घराची नऊ फुटली आणि माजघरात टोपं मांडून बसलो होतो. पण स्लॅब टाकला तरी बऱ्याचदा काही वर्षांत गळतो म्हणून वर पत्र्याची शेड घालावी लागते, म्हणजे डबल खर्च.

कौलं घातली तर, मिस्त्री म्हणतो 20 अंश उतार पुरे, लोखंड वाचेल. अहो पण एवढ्या कमी उतारावर वाऱ्याने पाणी कौलाखाली उलटं चढतं ना? मी 30 च्या आसपास सांगितलं तर हसतो. वळचण (भिंतीबाहेर येणारी छपराची कड) तो दीड फूट काढणार, मला तीन हवी, पश्चिमेची चिऱ्याची भिंत दरवर्षी कंबरेपर्यंत भिजते. आणि रीपा (कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) मारायच्या आधी कौलं आणून माप घ्यायचं ना? शेजाऱ्यांनी अंदाजाने मारल्या, कौलं बसेनात, सगळ्या उखडल्या.

कुणी हल्लीच केलं असेल तर प्लीज सांगा, जमलं तर आतल्या बाजूचे फोटोपण टाका.