वासंतिक कंदफुले : चिकण माती आणि झाडाखालची सावली

प्रश्न

बागेतील दोन जागी वसंतात फुलणारे कंद लावायचे आहेत. पहिली जागा पानझडी झाडाखाली असून तेथील माती पालापाचोळ्याची, भुसभुशीत आहे. मात्र उन्हाळ्यात तेथे दाट सावली असते. दुसऱ्या जागेवर दिवसभर ऊन असते, पण माती इतकी चिकण आहे की पावसानंतर तिचा गोळा सहज वळतो. तेथे लावलेल्या ट्यूलिपपैकी निम्मे उगवलेच नाहीत. उकरून पाहिले तेव्हा तपकिरी सालीच्या आत आंबूस वासाचा लगदा तेवढा उरला होता. क्रोकस, ट्यूलिप, नार्सिसस आणि स्नोड्रॉप यांपैकी कोणते कोठे लावावे?

प्रतिसाद १

झाडाखालची जागा उन्हाळ्यातील सावली पाहून बाद करू नये. पालवी फुटण्यापूर्वी तेथे भरपूर ऊन पोहोचते आणि स्नोड्रॉप, विंटर अ‍ॅकोनाइट यांसारख्या वनस्पती नेमक्या त्याच काळात पाने काढून, फुलून, पुढील वर्षाचा अन्नसाठा करून घेतात. सदाहरित झाडाखाली मात्र हे जमत नाही. स्नोड्रॉपचे कंद फार सुकले तर नीट रुजत नाहीत, म्हणून शक्य असल्यास फुले सरताच, पाने हिरवी असतानाच उपटलेली रोपे लावावीत. क्रोकसची फुले ऊब आणि ऊन मिळाल्यावरच पूर्ण उघडतात, ढगाळ दिवशी ती मिटलेलीच राहतात. तेव्हा त्याचे घनकंद झाडाच्या घेराच्या कडेला लावलेले बरे.

प्रतिसाद २

दुसऱ्या जागेविषयी लिहितो. अनेक रानटी ट्यूलिप मध्य आशियातील डोंगरउतारांवरचे. तेथील उन्हाळा कडक आणि कोरडा असतो, त्यामुळे सुप्तावस्थेत ओल राहिली की कंद कुजतो. खड्ड्याच्या तळाशी मूठभर वाळू टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही, कारण चहूबाजूंनी चिकण माती असताना तो खड्डा पाणी साठवणारी वाटीच ठरतो. त्याऐवजी वीस ते तीस सेंटिमीटर उंचीचा वाफा करावा. त्याआधी एक फूट खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळी पाणी किती वेगाने उतरते ते पाहावे. खोलीचा ठोकताळा कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट. नार्सिसस बऱ्यापैकी जड माती सोसतो. शिवाय त्याचा कंद विषारी असल्याने उंदीर सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत, ट्यूलिप मात्र आवडीने खातात.

प्रश्नकर्ता

खड्ड्यात दुसऱ्यांदा भरलेले पाणी संध्याकाळपासून सकाळपर्यंत जेमतेम चार बोटे उतरले. वाफा करणे सध्या शक्य नाही. या मातीतच तग धरेल असे काही आहे का?

प्रतिसाद ३

आहे, परंतु उन्हाळ्यात त्या मातीला भेगा पडतात का, यावर निवड ठरेल. भेगा पडत नसतील, म्हणजे आत थोडी ओल टिकत असेल, तर ओलसर कुरणांत वाढणारी, पाकळ्यांवर चौकटीची नक्षी असलेली फ्रिटिलॅरिया मेलिॲग्रिस लावता येईल. तिला पूर्ण कोरडेपणा मानवत नाही. भेगा पडत असतील तर कॅमासिया निवडावी. मूळच्या उत्तर अमेरिकेतील ओल्या माळांवर ती वसंतात पाण्यात आणि उन्हाळ्यात कोरड्यात राहते, त्यामुळे तुमच्या मातीची दोन्ही रूपे तिला चालतील. नार्सिसस जेथे जमीन किंचित उंच असेल तेथेच ठेवावा. फुले ओसरल्यानंतर पाने निदान सहा आठवडे कापू नयेत आणि त्यांना गाठीही मारू नयेत. त्या जुड्या नीटस दिसतात, पण दुमडलेल्या पानाला ऊन कमी मिळते.

प्रश्नकर्ता

भेगा पडतात, बोट जाईल एवढ्या. उन्हातील जागी कॅमासिया आणि झाडाखाली स्नोड्रॉप लावतो. ट्यूलिप कुंडीत.